बसणे, रांगणे, बोलणे : औद्योगिक पट्ट्यातील पालकांची चिंता आणि विकासटप्प्यांचे शास्त्र

बाळ मान कधी धरते, पालथे कधी पडते, आधाराशिवाय कधी बसते, पहिले पाऊल कधी टाकते आणि पहिला अर्थपूर्ण शब्द कधी उच्चारते, या घटनांना बालरोगशास्त्रात विकासटप्पे म्हणतात. त्यांची विभागणी सामान्यतः चार अंगांत केली जाते : मान, धड व पाय यांच्या मोठ्या हालचाली, हात व बोटे यांच्या बारीक हालचाली, ऐकणे, समजणे व बोलणे, आणि माणसांशी जोडले जाणे. यांपैकी पहिल्या अंगाकडे घरादाराचे लक्ष असते, कारण ते डोळ्यांना दिसते, शेजारच्या मुलाशी ताडून पाहता येते आणि फोनवर गावाकडे कळवता येते. तिसऱ्या व चौथ्या अंगाकडे मात्र मूल दोन वर्षांचे होईपर्यंत, आणि पुष्कळदा बालवाडीत नाव घालण्याची वेळ येईपर्यंत, कोणी फारसे पाहत नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यातील पालकांची चिंता जास्त आहे की कमी, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. ती बहुधा चुकीच्या जागी आहे, ही तिची खरी अडचण आहे.

या चिंतेला स्थळाचा संदर्भ आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात धरली जाते. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, टेल्को आणि बजाज आले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांच्या घरात गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वाहन उद्योग चाकणकडे सरकला आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ही खेड तालुक्यातील गावे भाड्याच्या खोल्यांनी भरून गेली. या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून, त्याचप्रमाणे बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशातून आलेली जोडपी राहतात. वाकड आणि पिंपळे सौदागरच्या सदनिकांत हिंजवडीत नोकरी करणारी जोडपी राहतात. दोन्हींच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी बाळ वाढवण्याच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे : घरात दुसरे वडीलधारे माणूस कायम नसते. आजी बाळंतपणापुरती येते किंवा बाळ माहेरून तीन-चार महिन्यांचे होऊन येते, वडील आठवडा बदलला की पाळी बदलतात आणि कित्येक दिवस बाळाला फक्त झोपलेले पाहतात. एकाच अंगणात पाच-सहा मुले वाढताना पाहिल्यामुळे आपोआप येणारा अंदाज, म्हणजे कोणी नवव्या महिन्यात चालते, कोणी सोळाव्या, आणि दोघेही पुढे सारखेच धावतात हे पाहून आलेले ज्ञान, पहिलटकरणीच्या वाट्याला येत नाही. तिच्या वाट्याला येते ती फोनवरची तुलना, आणि तुलनेसाठी निवडले जाणारे मूल नेहमी लवकर चाललेलेच असते. उशिरा चाललेल्या चुलतभावाची आठवण कोणी काढत नाही.

तुलनेला आकड्यांचा आधार देण्याचे काम गेल्या शंभर वर्षांत झाले. अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत बालकांचे चित्रफितींच्या साहाय्याने निरीक्षण करून वयानुसार वर्तनाच्या सारण्या तयार केल्या. विकास हा मुख्यतः शरीराच्या आतल्या परिपक्वतेने, ठरलेल्या क्रमाने होतो, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यांनी पाहिलेली मुले मुख्यतः एकाच शहरातील गोऱ्या मध्यमवर्गाची होती. पुढे नॅन्सी बेली यांच्या श्रेणी आल्या, आणि १९६७ साली डेन्व्हर येथे विल्यम फ्रँकनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्याने दवाखान्यात थोड्या वेळात वापरता येईल अशी चाचणी तयार केली. भारतीय मुलांसाठी स्वतंत्र प्रमाणके बसवण्याचे मोलाचे काम प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात केले. १९७० साली सिद्ध झालेल्या या बडोदा प्रमाणकांची सुधारित आवृत्ती १९९७ साली पुण्यातून प्रसिद्ध झाली. तीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत, आणि महिनाभराच्या बाळापासून अडीच वर्षांच्या मुलापर्यंत ती लागू पडते. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने याच प्रमाणकांतून निवडक १७ बाबी घेऊन १९९१ मध्ये एक सोपा तक्ता तयार केला. त्यात प्रत्येक टप्प्यासाठी एक आडवी पट्टी असते, बाळाच्या वयाच्या ठिकाणी उभी रेघ ओढायची, आणि जी पट्टी त्या रेघेच्या डावीकडेच संपते तो टप्पा बाळाने गाठलेला नसेल तर पुढील तपासणी करायची, इतकीच त्याची कृती आहे. पट्टीची ही कल्पना साधी असली तरी मूलगामी आहे, कारण ती टप्प्याला एक वय न देता वयाचा एक पल्ला देते. पालकांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक याद्यांत हा पल्लाच गळून पडतो आणि ‘बारा महिने : चालते’ असा एकच आकडा उरतो.

पल्ला किती रुंद असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने सर्वांत स्पष्टपणे दाखवले. १९९७ ते २००३ या काळात झालेल्या वाढीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा एक भाग म्हणून भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या सहा मोठ्या हालचालींची नोंद ठेवली गेली. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते आणि निवडलेली कुटुंबे सुशिक्षित व सुस्थितीतील होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा टप्पा गाठणारे प्रत्येकी एक टक्का वगळले, तर निरोगी मुले आधाराशिवाय बसतात ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, हात व गुडघ्यांवर रांगतात ती ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान आणि स्वतंत्रपणे चालतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे आठव्या महिन्यात चालणारे आणि साडेसतराव्या महिन्यात चालणारे अशी दोन्ही मुले निरोगीपणाच्या एकाच चौकटीत बसतात. याहून उद्बोधक नोंद रांगण्याविषयीची आहे : अभ्यासातील ४.३ टक्के मुले हात व गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अशी मुले बसल्याबसल्या सरकतात, पोटावर घसटत जातात, किंवा सरळ उभी राहून चालू लागतात. रांगणे हा टप्पा चुकला म्हणजे पुढे अक्षर बिघडते किंवा अभ्यासात अडचण येते, अशी जी समजूत अलीकडे शहरी पालकांत पसरली आहे, तिला भक्कम आधार नाही.

आकड्याचा अर्थ तो कोणत्या टोकाचा आहे यावर ठरतो, हे २०२२ मध्ये अमेरिकेत झालेल्या फेरबदलाने पुन्हा ध्यानात आणून दिले. तेथील रोगनियंत्रण केंद्रांच्या जुन्या यादीत साधारणपणे निम्मी मुले जे ज्या वयात करतात ते त्या वयाखाली लिहिलेले होते. म्हणजे यादी अचूक असूनही दर दोन निरोगी मुलांपैकी एक तिच्यात मागे पडे. नव्या यादीत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुले जे करतात तेच त्या वयाखाली ठेवले गेले, काहीही न धरता चालणे १८ महिन्यांच्या यादीत गेले, आणि रांगणे यादीतून पूर्णपणे वगळले गेले. या बदलावर, विशेषतः भाषेच्या टप्प्यांवर, वाचा-उपचारतज्ज्ञांनी टीका केली आणि ती निराधार नव्हती. तथापि निम्म्या मुलांचे वय हे शेवटची तारीख म्हणून वाचण्याची जी चूक पालकांच्या दोन पिढ्या करीत आल्या होत्या, तिची कबुली त्यातून मिळाली. एका कार्डावर सरासरी, दुसऱ्यावर मर्यादा आणि मोबाईलच्या ॲपवर यांपैकी काय आहे याचा उल्लेखच नाही, अशी स्थिती असताना तिन्ही पाहणाऱ्या आईला झोप न लागणे हा तिचा दोष मानता येणार नाही.

लवकर चालणे हे हुशारीचे लक्षण आहे काय, या प्रश्नाचे उत्तर स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या दीर्घकालीन अभ्यासाने दिले आहे. तेथे सुमारे सव्वादोनशे निरोगी मुलांच्या बसण्या-चालण्याची वये त्यांच्या शालेय वयातील बुद्धी व हालचालींच्या कौशल्याशी ताडून पाहिली असता, दोहोंत सांगण्यासारखा संबंध आढळला नाही. वय बदलण्यात सरावाचाही वाटा असतो. केनियातील किप्सिगिस समाजात बाळांना बसण्याचा व पाऊल टाकण्याचा सराव मुद्दाम दिला जातो आणि तेथील मुले तेवढ्या दोन गोष्टी पाश्चात्त्य मुलांच्या आधी करतात, मात्र ज्यांचा सराव दिला जात नाही अशा हालचालींत ती पुढे नसतात. नव्वदच्या दशकात बाळाला झोपेत उताणे ठेवण्याचा सल्ला अमेरिकेत रूढ झाल्यावर तेथील मुले पालथी पडण्यात व रांगण्यात काहीशी मागे गेली, चालण्यात मात्र नाही. यावरून असे दिसते की दहा-बाय-दहाच्या खोलीत, जिथे स्वयंपाकाचा गॅस, पाण्याची पिंपे आणि कॉट यांतून जमिनीचा एक तुकडा उरतो आणि बाळ दिवसाचा बराच वेळ झोळीत किंवा कडेवर असते, तिथे रांगणे चार-सहा आठवडे लांबले तर त्याचा दोष बाळाच्या मेंदूकडे नसून खोलीच्या मापाकडे असू शकतो. अशा घरांत वॉकर आणण्याचा मोह स्वाभाविक असला तरी तो टाळावा, कारण वॉकरमध्ये मूल लटकलेले असते, त्याला तोल सांभाळावा लागत नाही, चालणे त्यामुळे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. जुना लाकडी पांगुळगाडा या बाबतीत उजवा म्हणावा लागेल, कारण त्यामागे मूल स्वतःच्या वजनावर उभे राहते.

मोठ्या हालचालींची चिंता इतकी सैल करता येते, म्हणून सर्वच चिंता सैल करावी असे मात्र नाही. भारतातील परिस्थितीचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून येतो. पलवल, कांग्रा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी करून श्रवणदोष, दृष्टिदोष, वाणी व भाषेचे विकार, स्वमग्नता, अपस्मार, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात इत्यादी विकारांचे प्रमाण मोजले गेले, आणि ते दोन ते सहा वर्षांच्या गटात एकत्रितपणे ९.२ टक्के, तर सहा ते नऊ वर्षांच्या गटात १३.६ टक्के आढळले. यांतील पुष्कळ विकारांचा पहिला मागमूस चालण्याच्या वयावरून लागत नाही. तो लागतो बाळ आवाजाकडे वळते की नाही, नजरेला नजर देते की नाही, नाव घेतल्यावर पाहते की नाही, यांवरून. बहिऱ्या बाळाचे हुंकारही पहिल्या काही महिन्यांत इतरांसारखेच असतात, ते बसते आणि चालतेही वेळेवर, त्यामुळे घरात शंका येते तोवर दीड-दोन वर्षे गेलेली असतात. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हा क्रम जगभर मान्य आहे तो एवढ्यासाठीच, की सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा पुढे लक्षणीयरीत्या चांगली राहते. या पार्श्वभूमीवर ‘मुलगे उशिराच बोलतात’ आणि ‘याचा बापही तीन वर्षांनी बोलला’ ही दोन वाक्ये मराठी घरांतील सर्वांत महागडी आश्वासने ठरतात. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरे, पण तो फरक काही आठवड्यांचा किंवा फार तर थोड्या महिन्यांचा असतो, वर्षांचा नसतो.

कोणत्या खुणा वाट पाहण्यासारख्या नाहीत, याबद्दल बालरोगतज्ज्ञांत बरेच एकमत आहे. तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे पाहून हसू न येणे, पाच महिन्यांपर्यंत मान न धरणे, दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, वर्षापर्यंत ‘बाबा-दादा’सारखी अक्षरांची बडबड नसणे किंवा बोट दाखवणे, टाटा करणे असे कोणतेच हावभाव नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, अठरा महिन्यांपर्यंत न चालणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे, या त्यांपैकी ठळक खुणा होत. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ सतत एकच हात वापरत असेल तर ते डावरे असल्याचे कौतुक करण्याआधी दुसऱ्या हातात दुर्बलता नाही ना, हे पाहावे लागते. सर्वांत गंभीर खूण मात्र कोणत्याही वयाशी बांधलेली नाही : आलेले कौशल्य जाणे, म्हणजे बोलत असलेले शब्द बंद होणे, बसणारे मूल बसेनासे होणे किंवा हसणारे मूल निर्विकार होणे. भारतात, विशेषतः आई शाकाहारी किंवा कुपोषित असून बाळ वर्षभर केवळ अंगावरच्या दुधावर राहिले असेल तेव्हा, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे अशी पीछेहाट होते आणि वेळीच इंजेक्शने दिली तर ती मोठ्या प्रमाणात भरून निघते. रक्तक्षयही विसरता येत नाही, कारण लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीला बाधते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडे मऊ राहणे, हेही उशिरा चालण्याचे उपचार करता येण्याजोगे कारण आहे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी मोजणीच वेगळी असते. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचे असते. दोन महिने आधी जन्मलेले मूल आठव्या महिन्यात सहा महिन्यांच्या बाळासारखे वागत असेल तर ते मागे नाही. अशा मुलांचा महाराष्ट्रातील सर्वांत चिकाटीचा पाठपुरावा पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या नेतृत्वाखाली झाला : १९८७ ते १९८९ या काळात तेथील नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांना शालेय वयापर्यंत आणि त्यापुढेही तपासत राहण्यात आले. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत होता, परंतु तुलनेच्या गटापेक्षा कमी होता आणि गणितात ती मागे पडत होती. टप्पे वेळेवर गाठले म्हणून पाठपुरावा संपवता येत नाही, हा या अभ्यासाचा धडा नवजात विभाग चालवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला लागू आहे.

या पट्ट्यात भाषेच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. घरात ओडिया किंवा भोजपुरी, चाळीत हिंदी आणि अंगणवाडीत मराठी ऐकणारे मूल उशिरा बोलू लागले की दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो आणि आईला स्वतःची भाषा सोडून हिंदीत बोलण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजले तर ते मागे नसते, आणि दोन्ही भाषांत मिळून शब्द नसतील तर कारण भाषा नव्हे. मोबाईलचा प्रश्न मात्र खरा आहे. पाळी संपवून आलेल्या बापाला झोप हवी असते, आईला स्वयंपाक उरकायचा असतो, आणि मूल पडद्यासमोर शांत बसते. तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांच्या आतील मुलांना पडदा नको असे सांगितले आहे आणि भारतीय बालरोग अकादमीनेही तीच मर्यादा घातली आहे.

व्यवस्था कागदावर पुरेशी आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासटप्पे चित्रांसह छापलेले असतात. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केलेल्या घरपोच नवजात सेवेच्या धर्तीवर आशा कार्यकर्ती पहिल्या सहा आठवड्यांत घरी येते, आणि २०१८ पासूनच्या कार्यक्रमानुसार पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत तिने पुन्हा यायचे असते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येऊन जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब तपासतात, आणि पुणे जिल्ह्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि मोरवाडीत महापालिकेचे दिव्यांग भवन आहे, तर राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगारासाठी चिंचवडच्या मोहननगरचे रुग्णालय आहे.

ही साखळी तुटते ती माहेरात. पहिले बाळंतपण माहेरी होते, कार्ड तिथले असते, पहिल्या लसी तिथे टोचल्या जातात, आणि नवजात सेवेच्या भेटी झाल्याच तर त्याही तिथल्याच आशेकडून होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, म्हणजे पुढच्या पाच भेटींचे चक्र सुरू होते नेमक्या त्याच वेळी, बाळ बीड किंवा वाशीममधून खराबवाडीच्या खोलीत येते, जिथल्या आशेच्या यादीत त्याचे नाव नसते. अकरा महिन्यांनी भाडेकरार संपला की खोली बदलते आणि गावही बदलते. कंत्राटी कामगाराची विम्यातील नोंद ठेकेदार बदलला की अडते. प्रसूतिरजेचे २६ आठवडे बाळ सहा महिन्यांचे होताच, म्हणजे बडबडीला आणि बसण्याला सुरुवात होते त्याच सुमारास, संपतात, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर असावे ही कायद्याची अट कंत्राटी आईच्या फारशी उपयोगी पडत नाही. वाकडच्या सदनिकेतील आईला खासगी तज्ज्ञ दोन चौकांवर मिळतो. तिचा धोका वेगळा आहे, आणि तो म्हणजे निरोगी मूल अनावश्यक उपचारांच्या फेऱ्यात अडकण्याचा. मधल्या काळात बाळाचे हातपाय रोज हाताळणारी मालिशवाली ही कित्येकदा एकमेव जाणती निरीक्षक असते. अंग कडक आहे की लुळे, हे तिला कार्डाच्या आधी कळते, पण तिचे म्हणणे कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही.

पालकांची शंका हे स्वतःच एक चाचणीचे साधन आहे, हे अमेरिकेत फ्रान्सिस ग्लॅस्को यांनी नव्वदच्या दशकात दाखवले : मुलाच्या बोलण्याबद्दल, ऐकण्याबद्दल किंवा वागण्याबद्दल पालकांना नेमके काय खटकते हे पद्धतशीर विचारले, तर त्यांच्या उत्तरांवरून विलंब असलेली बहुसंख्य मुले ओळखता येतात. शंका घेऊन आलेल्या आईला ‘होईल हळूहळू’ एवढे सांगून परत पाठवणे हा म्हणूनच धीर नसून तपासणी टाळणे आहे. भारतीय बालरोग अकादमीने नऊ ते बारा आणि अठरा ते चोवीस महिन्यांत प्रमाणित साधनाने चाळणी करावी असे म्हटले आहे. नऊ महिन्यांची आणि सोळा ते चोवीस महिन्यांची लस या वयांच्या लगतच येते, आणि गाव कोणतेही असो, लसीसाठी आई येतेच. तिरुवनंतपुरमचा तो सतरा बाबींचा तक्ता भरायला पाच-सात मिनिटे लागतात. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयापासून भोसरी-थेरगावच्या महापालिका रुग्णालयांपर्यंत प्रत्येक लसीकरण सत्रात तो भरला जावा, सोबत बाळाला ऐकू येते का हा प्रश्न विचारला जावा, आणि त्यासाठी कार्ड कोणत्या जिल्ह्याचे आहे हे पाहिले जाऊ नये, एवढी मागणी या पट्ट्यातील पालकांनी आणि त्यांच्या कामगार संघटनांनी करायला हवी.